शनिवार-रविवारची फायटर स्क्वाड्रन: अर्धवेळ वैमानिक युद्ध लढू शकतात का?

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला, त्याच सुमारास केंद्र सरकारने एक आदेश काढला. टेरिटोरियल आर्मीतल्या, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून सैन्यात येणाऱ्यांच्या राखीव दलातल्या, अधिकाऱ्यांना आणि जवानांना गरजेप्रमाणे कामावर बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना मिळाला. ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियनचा त्यात उल्लेख होता. झालं, पुढचे काही दिवस फॅमिली ग्रुपवर दुसरा विषय नाही. धोनी सीमेवर जाणार का, नीरज चोप्राला बोलावतील का, आणि मग कुणीतरी विचारलंच: "सचिन तर एअर फोर्समध्ये ग्रुप कॅप्टन आहे, त्याला विमान उडवावं लागेल का?"

सचिनचं पद मानद आहे, २०१० मध्ये हवाई दलाने सन्मान म्हणून दिलेलं. त्याला कुणी कॉकपिटमध्ये बसवणार नाही. पण प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. अर्धवेळ पायदळ आपल्याला समजतं. पुण्यात आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीच्या टेरिटोरियल बटालियन आहेत, त्यातला एखादा माणूस ओळखीचाही असतो. मात्र सोमवार ते शुक्रवार वकिली किंवा शेती आणि शनिवार-रविवारी लढाऊ विमान, हे कसं शक्य आहे? ब्रिटनमध्ये हे तीस वर्षांहून जास्त काळ चाललं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनवर चालून आलेली जर्मन विमानं पहिल्यांदा पाडली ती अशाच लोकांनी. त्यातल्या सर्वांत जुन्या स्क्वाड्रनची, ग्लासगो शहराच्या ६०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची गोष्ट घेऊन हा सगळा प्रकार समजून घेऊ.

आधी "राखीव" म्हणजे कोण, ते बघू

स्क्वाड्रन म्हणजे हवाई दलाची लढणारी तुकडी. साधारण डझन-दीड डझन विमानं, त्याहून थोडे जास्त वैमानिक, आणि जमिनीवर राबणारी शंभराहून जास्त माणसं: इंजिनवाले, शस्त्रांवाले, रेडिओवाले, सामानाचा हिशेब ठेवणारे. वैमानिकाचा फोटो पेपरात येतो, पण विमान हवेत जातं ते या बाकीच्यांमुळे. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

राखीव माणसांचे ढोबळ तीन प्रकार. एक, मानद. त्यांचं झालं बोलून. दोन, सुटे राखीव: निवृत्त झालेले किंवा वेगळं प्रशिक्षण घेतलेले लोक, ज्यांना युद्धात बोलावून कुठल्याही तुकडीत पाठवता येतं. तीन, ऑक्झिलरी: इथे अख्खी तुकडीच अर्धवेळ असते. एका शहराची, त्या शहराचं नाव लावणारी, एकत्र शिकणारी आणि बोलावणं आलं की एकत्र निघणारी.

ढोल-ताशा पथक जसं चालतं तसंच हे. माणूस आयटीत असो की बँकेत, संध्याकाळी आणि सुट्टीला सरावाला नदीकाठी हजर. पथकाला गावाचं किंवा पेठेचं नाव, बाजूला दोन-तीन जाणते वादक शिकवायला. ऑक्झिलरी स्क्वाड्रनमध्ये ते जाणते म्हणजे नियमित हवाई दलातले मोजके अधिकारी आणि कारागीर. बाकी सगळे गावातले.

हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं?

पैशाच्या तंगीतून. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाकडे दोनशेच्या आसपास स्क्वाड्रन होत्या. काही वर्षांतच त्या पंचवीस-तीसवर आल्या. सरकारला सैन्यावर खर्च नको होता. हवाई दलाचे प्रमुख होते ह्यू ट्रेंचर्ड. त्यांनी पायदळाच्या टेरिटोरियल पलटणींकडे बोट दाखवलं आणि विचारलं, विमानांचं असं का नको? पुष्कळांनी हसण्यावारी नेलं, कारण उडणं म्हणजे पूर्णवेळ पेशा अशीच समजूत होती. तरी १९२४ मध्ये कायदा झाला आणि सप्टेंबर १९२५ मध्ये ग्लासगोजवळच्या रेनफ्रू इथे ६०२ उभी राहिली. ऑक्झिलरी स्क्वाड्रनमध्ये ही पहिली. ऑक्झिलरी म्हणूनच काढलेल्या स्क्वाड्रनना ६०० च्या मालिकेतले क्रमांक मिळाले, त्यामुळे आकडा बघितला की ओळख पटते.

जागेची निवड चांगली होती. ग्लासगो म्हणजे क्लाइड नदीकाठचं जहाजबांधणीचं शहर. ज्याच्या हाताला पाना आणि ग्रीस सवयीचं आहे, अशा माणसांची तिथे वाण नव्हती. वैमानिक मात्र वेगळ्या थरातून यायचे. सुरुवातीच्या काळात उडण्याचा प्राथमिक परवाना स्वतःच्या खर्चाने काढून मगच दाराशी यायचं, अशी अट होती. त्या परवान्याला लागणारा पैसा कामगाराच्या घरात कुठून येणार?

पहिली काही वर्षं ही बॉम्बफेक करणारी स्क्वाड्रन होती. आठवड्यात एखाद-दोन संध्याकाळी वर्ग, शनिवार-रविवारी उड्डाण, उन्हाळ्यात पंधरा दिवसांचा सलग कॅम्प. विमानं उघड्या कॉकपिटची, दोन पंखांची. त्यातलं एक वेस्टलँड वापिती. या वापितीचं नाव आपल्याकडच्या जुन्या वैमानिकांना चांगलं ठाऊक होतं, का ते पुढे येईलच.

एव्हरेस्टवरून जाणारे दोघे

१९३१ ते १९३६ या काळात ६०२ चा प्रमुख होता मार्क्विस ऑफ क्लाइड्सडेल: उमराव, खासदार आणि शिवाय बॉक्सर. १९३३ मध्ये एव्हरेस्टवरून पहिल्यांदा विमान नेण्याची मोहीम निघाली. लेडी ह्यूस्टन नावाच्या श्रीमंत बाईंनी पैसे दिले. दोन विमानं होती, दोन्हीचे वैमानिक ६०२ चे: क्लाइड्सडेल आणि डेव्हिड मॅकिन्टायर. विमानंही वापितीच्याच घराण्यातली, वेस्टलँडने आणखी ताकदवान इंजिन लावून तयार केलेली.

तळ होता बिहारमधल्या पूर्णियात. ३ एप्रिल १९३३ ला सकाळी दोघं निघाले. वैमानिकाचं कॉकपिट उघडं, विजेवर गरम होणारे कपडे, नळीतून येणारा ऑक्सिजन. शिखराजवळ खाली ओढणाऱ्या वाऱ्यात दोन्ही विमानांची उंची झपाट्याने घटली, आणि तेवढ्यात मॅकिन्टायरच्या मागे बसलेल्या छायाचित्रकाराची ऑक्सिजनची नळी तडकली. त्याने तिच्यावर रुमाल बांधला आणि तो बेशुद्ध पडला. विमान खाली उतरू लागल्यावर तो शुद्धीवर आला.

ही साहसकथा इथे सांगण्याचं कारण आहे. "रविवारचे वैमानिक" म्हणून ज्यांना नाक मुरडलं जायचं, त्यातल्या दोघांनी नियमित दलातल्या कुणीही न केलेली गोष्ट केली. पुढे याच दोघांनी स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला विमान कंपनी काढली आणि तिथला तळ युद्धात अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांचं मोठं ठाणं झाला. क्लाइड्सडेलला नंतर हॅमिल्टनच्या ड्यूकची गादी मिळाली. मे १९४१ मध्ये हिटलरचा सहकारी रुडॉल्फ हेस विमानाने एकटाच स्कॉटलंडमध्ये येऊन उतरला तो याच ड्यूकला भेटायला. तो एक वेगळाच घोळ आहे, इथे नको.

पण हौशी माणसांच्या हाती फायटर देणं म्हणजे जोखीमच ना?

शंका रास्त आहे. जानेवारी १९३९ मध्ये ६०२ चं काम बदललं आणि ती फायटर स्क्वाड्रन झाली. आधी मिळालं गॉन्टलेट: दोन पंखांचं, चाकं कायम बाहेर, वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास. मे महिन्यात आलं स्पिटफायर. ऑक्झिलरींमध्ये पहिल्यांदा यांनाच. वेग ताशी ५८० च्या घरात, चाकं आत घ्यायची, लांबलचक नाकामुळे धावपट्टीवर समोरचं दिसत नाही. नियमित दलातल्या पहिल्या स्क्वाड्रनला स्पिटफायर मिळून तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते. म्हणजे पगारी आणि हौशी, दोघांनाही विमान नवंच होतं. ऑक्झिलरींचं यश नुसत्या जिद्दीने समजावून सांगतात, ते मला अपुरं वाटतं. यंत्र सगळ्यांनाच नवीन असेल तर अनुभवाची दरी आपोआप कमी होते, हा भाग त्यात सुटतो.

ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस बोलावणं आलं. त्या दिवसापासून ही माणसं पूर्णवेळ झाली. युद्ध सुरू झाल्यावर आठवड्यातून दोनदा उडून कुणी लढत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. अर्धवेळपणा शांततेच्या काळापुरता. युद्ध सुरू होईल तेव्हा स्क्वाड्रन उभारायला लागणारी तीन-चार वर्षं आधीच वसूल झालेली असतात, हा त्यातला फायदा.

१६ ऑक्टोबर १९३९, सोमवार. दुपारी एडिंबराजवळच्या फर्थ ऑफ फोर्थ या खाडीवर जर्मन युंकर्स ८८ बॉम्बर आले. लक्ष्य होतं आरमाराच्या मोठ्या जहाजांचं. खरी मोठी युद्धनौका गोदीत होती, आणि नागरी वस्तीवर बॉम्ब पडता कामा नयेत असा तेव्हा जर्मन वैमानिकांना हुकूम होता. म्हणून त्यांनी खाडीतली जहाजं धरली. भोंगे वाजलेच नाहीत. फोर्थच्या रेल्वे पुलावरून जाणाऱ्या गाडीतल्या लोकांनी खिडकीतून हल्ला पाहिला. मोहॉक या विनाशिकेचा कप्तान पोटात जखम घेऊन जहाज बंदरात घेऊन आला आणि मग गेला.

एडिंबराच्या ६०३ ऑक्झिलरीने एक बॉम्बर समुद्रात पाडला. पाडणारा पॅट गिफर्ड हा कॅसल डग्लस गावचा वकील. त्याच्या पाठोपाठ ६०२ च्या जॉर्ज पिंकर्टनने आणि आर्ची मॅकेलरने जर्मन तुकडीचा प्रमुख हेल्मुट पोले याचं विमान क्रेलजवळ पाण्यात घातलं. पोलेला मासेमारीच्या बोटीने वाचवलं. पिंकर्टन शेतकरी होता. मॅकेलर गिलाव्याचं काम शिकलेला, घरच्याच बांधकामाच्या धंद्यातला. पहिलं विमान एडिंबराचं की ग्लासगोचं यावरून दोन शहरांत वर्षानुवर्षं वाद रंगला. मान ६०३ कडे गेला.

मॅकेलरचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. तो दुसऱ्या एका ऑक्झिलरी स्क्वाड्रनमध्ये, ६०५ मध्ये गेला आणि ७ ऑक्टोबर १९४० ला एका दिवसात पाच जर्मन फायटर पाडल्याची नोंद त्याच्या नावावर झाली. १ नोव्हेंबर १९४० ला तो मारला गेला. बॅटल ऑफ ब्रिटन, म्हणजे त्या वर्षीचं ब्रिटनवरचं मोठं हवाई युद्ध, सरकारी व्याख्येप्रमाणे ३१ ऑक्टोबरला संपतं. एका दिवसाने त्याचं नाव त्या लढाईत पडलेल्यांच्या यादीबाहेर राहिलं.

त्या लढाईत १४ ऑक्झिलरी फायटर स्क्वाड्रन उतरल्या होत्या. ६०२ ऑगस्टच्या मध्याला दक्षिण किनाऱ्याजवळच्या वेस्टहॅम्पनेटला आली आणि डिसेंबरपर्यंत तिथेच होती. १८ ऑगस्टला फोर्ड विमानतळावर आलेल्या स्टुका बॉम्बरच्या झुंडीवर ती तुटून पडली. इतका काळ एका स्क्वाड्रनने आघाडीवर टिकणं ही दुर्मीळ गोष्ट. बहुतेकांना थकवा आणि नुकसान यामुळे मागे घ्यावं लागायचं.

हे श्रीमंतांचे क्लबच होते ना?

बऱ्याच अंशी, हो. लंडनच्या ६०१ ला तर लोक उघडउघड "लखपतींची स्क्वाड्रन" म्हणत. ६०२ तेवढी चकचकीत नव्हती, तरी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये उमराव, वकील, धंदेवाल्यांची मुलं, आणि हँगरमध्ये कारागीर, ही विभागणी सरळ होती. ट्रेंचर्डना ती खटकत नव्हती. उलट चांगल्या घरातली मुलं यावीत हीच त्यांची इच्छा होती. म्हणूनच १९३६ मध्ये हवाई दलाला वेगळी व्हॉलंटियर रिझर्व्ह काढावी लागली. तिथे उडायला शिकण्याचा खर्च सरकारचा, ऑफिसातला कारकूनही येऊ शकत होता. संख्येच्या हिशेबात युद्धाला जास्त वैमानिक पुरवले ते या दुसऱ्या योजनेने. ऑक्झिलरींचं गुणगान करताना हे बहुधा सांगायचं राहून जातं.

ग्लासगोची स्क्वाड्रन, पण ग्लासगोचे किती?

युद्धाने गावाची ओळख फार लवकर पुसली. माणूस मेला किंवा बढती मिळून गेला की त्याच्या जागी ग्लासगोचाच माणूस यावा असा नियम ठेवणं शक्य नव्हतं. १९४२ च्या पूर्वार्धात ६०२ चा प्रमुख होता पॅडी फिनुकेन, डब्लिनचा. १९४३ च्या सुमारास पियेर क्लोस्टरमान हा फ्रेंच वैमानिक इथून उडत होता. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लढाईत प्रमुख होता ख्रिस ल रू, दक्षिण आफ्रिकेचा; जुलै १९४४ मध्ये जर्मन सेनापती रोमेल ज्या गाडीत जखमी झाला त्या गाडीवर गोळ्या त्यानेच झाडल्या असा एक दावा आहे, आणि कॅनडाच्या एका स्क्वाड्रनचाही तोच दावा आहे.

नॉर्मंडीत ६०२ ज्या विंगमध्ये, म्हणजे स्क्वाड्रनच्या गटात, होती तिच्यातल्या दुसऱ्या एका स्क्वाड्रनचं नाव होतं "सिटी ऑफ बॉम्बे". १३२ क्रमांकाची. तिच्यात गिरगाव-दादरची माणसं होती म्हणून हे नाव नव्हतं. मुंबईतून युद्धनिधीला पैसा गेला, त्याची पोच म्हणून ते दिलेलं. एकाच धावपट्टीवर दोन शहरांची नावं: ग्लासगोने माणसं दिली होती, मुंबईने पैसे.

युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत ६०२ च्या वाट्याला एक विचित्र काम आलं. लंडनवर पडणारं व्ही-२ रॉकेट आवाजापेक्षा वेगाने यायचं, हवेत अडवणं अशक्य. मग एकच उपाय: हॉलंडमधून ते जिथून सोडतात तिथे जाऊन बॉम्ब टाका. लढायला बनवलेलं स्पिटफायर आता सूर मारून बॉम्ब टाकू लागलं. मे १९४५ मध्ये स्क्वाड्रन विसर्जित झाली.

मग चांगलं चाललेलं बंद का केलं?

१९४६ मध्ये ६०२ पुन्हा उभी राहिली, तीच शनिवार-रविवारची घडी. १९५१ मध्ये तिला व्हॅम्पायर जेट मिळालं. कोरियन युद्धामुळे त्याच वर्षी ऑक्झिलरी फायटर स्क्वाड्रनना तीन महिने पूर्णवेळ सरावाला बोलावलं. आणि १० मार्च १९५७ ला सगळ्याच ऑक्झिलरींचं उडणं एका फटक्यात थांबलं.

लोक याचं खापर काटकसरीवर फोडतात. ते खरं आहे, पण अर्धंच. १९३९ मध्ये हौशी आणि पगारी यांच्यातली दरी कमी होती, कारण यंत्र आठवड्याच्या शेवटी हाती येण्याजोगं होतं. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नियमित दल हंटरसारख्या मागे झुकलेल्या पंखांच्या विमानांवर गेलं होतं, ऑक्झिलरी व्हॅम्पायर आणि मीटिअर या जुन्या जेटवरच अडकल्या होत्या. नवीन विमान द्यायचं तर वैमानिकाचे उड्डाणाचे तास वाढवायला हवेत, आणि नोकरी असलेल्या माणसाकडे तेवढे तास आणायचे कुठून? शिवाय आता लढाई सुरू व्हायला महिने लागणार नव्हते. अणुबॉम्ब घेऊन येणाऱ्या विमानाला अडवायचं तर काही मिनिटांचा खेळ. राखीव सैन्याचं सगळं गणित "बोलावल्यावर पोहोचायला वेळ आहे" यावर उभं असतं. तो वेळच संपला.

जुहूवरची वापिती

आता वापितीकडे येऊ. ६०२ ने ती १९३४ पर्यंत मोडीत काढली. आपल्याकडे मात्र १ एप्रिल १९३३ ला कराचीत भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन चार वापितींवर सुरू झाली. आणि महायुद्ध लागल्यावर किनाऱ्यावर नजर ठेवायला व्हॉलंटियर रिझर्व्हच्या तुकड्या काढल्या, त्यांच्या वाट्यालाही ग्लासगोने केव्हाच निरोप दिलेली हीच विमानं आली. कराची, मुंबई, कोचीन, मद्रास, विशाखापट्टणम, कलकत्ता अशा सहा ठिकाणी त्या होत्या. मुंबईची तुकडी जुहूवरून उडायची.

तिथे माणसं मिळाली, कारण फ्लाइंग क्लब होते. मुंबईचा क्लब जुहूलाच, जे. आर. डी. टाटांनी १९२९ मध्ये परवाना काढला तो याच क्लबात. क्लबात शिकलेले यूरोपीय आणि भारतीय वैमानिक एकत्र आले. काम होतं जहाजांच्या ताफ्यावरून घिरट्या घालणं आणि पाणबुडीचं काही दिसतंय का ते बघणं. कंटाळवाणं, पण समुद्रावर तासन्‌तास एका इंजिनाच्या भरवशावर. १९४२ च्या अखेरीस या तुकड्या बंद झाल्या आणि त्यांची माणसं ७ आणि ८ क्रमांकाच्या नव्या नियमित स्क्वाड्रनच्या उभारणीला गेली. या तुकड्यांना शूरांच्या गोष्टींत फारशी जागा नाही. माझ्या मते त्यांचं मोल याच शेवटच्या टप्प्यात होतं: युद्ध ऐन भरात असताना भारतीय हवाई दलाला तयार वैमानिक आणि कारागीर मिळाले.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये राखीव आणि ऑक्झिलरी हवाई दलांसाठी कायदा झाला आणि मुंबईसह काही शहरांत ऑक्झिलरी स्क्वाड्रन निघाल्या. त्या फार काळ टिकल्या नाहीत. 

अमेरिकेला जमतं, मग बाकीच्यांना का नाही?

अमेरिकेचं अर्धवेळ हवाई दल, एअर नॅशनल गार्ड, आजही एफ-१६ आणि एफ-३५ उडवतं. ११ सप्टेंबर २००१ ला वॉशिंग्टनवर चालून येणारं प्रवासी विमान रोखायला उडालेल्या दोन एफ-१६ याच दलाच्या होत्या. क्षेपणास्त्रं चढवायला वेळ नव्हता. वेळ आलीच तर धडक द्यायची असं ठरवून मार्क सासविल आणि हेदर पेनी निघाले होते.

मात्र हे १९२५ च्या ग्लासगोसारखं नाही. तिथला वैमानिक आधी दीड-दोन वर्षं पूर्णवेळ शिकतो, बरेच जण नियमित हवाई दलातूनच आलेले असतात आणि एअरलाइनमध्ये नोकरी करतात. जमिनीवरच्या कामाचा मोठा भाग पूर्णवेळ कर्मचारी सांभाळतात. म्हणजे अर्धवेळ असते ती माणसाची हजेरी. त्याचं शिक्षण अर्धवेळ नसतं. त्याला लागणारा पैसा आणि भरपूर माजी वैमानिक, दोन्ही अमेरिकेकडे आहेत.

ब्रिटनने दुसरी वाट धरली. २००६ मध्ये ६०२ पुन्हा उभी राहिली, पण विमानांशिवाय. नियमित दलाला मोहिमेच्या कामात मदत करणारी तुकडी म्हणून. नागरी नोकरीत माणूस जे रोज करतो तेच कौशल्य गणवेशात वापरायचं. आपल्या टेरिटोरियल आर्मीत हे नवीन नाही: रेल्वेच्या आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या तिथे स्वतंत्र तुकड्या आहेत, संप असो की युद्ध, गाड्या आणि इंधन चालू ठेवायला. भारतीय हवाई दलाने उद्या अर्धवेळ तुकडी काढायची ठरवली तर राफेलची चावी कुणा हौशी माणसाच्या हाती जाणार नाही. रडारची दुरुस्ती, हवामान, सायबर सुरक्षा, ड्रोन यांतली माणसं पुण्या-बंगळुरूत शनिवार-रविवारी मिळू शकतील, आणि त्यांना बोलावून कामाला लावायला काही तास पुरतील.